एकशे पंच्याऐंशी दिवस आणि दहा मिनिटं

शनिवारी सकाळी अकराला सटाण्यातल्या बँकांच्या काउंटरसमोर रांग लागते. २००३ साली ती जास्तच लांब असायची, कारण तेव्हा शनिवारी बँका अर्धा दिवसच चालत. २५ जानेवारी २००३ हा असाच एक शनिवार. ग्रिनिचच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजत होते, म्हणजे आपल्याकडे बरोबर अकरा. त्या सुमाराला जगभरच्या डेटाबेसांवर एक किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सुटला. पुढे त्याला ‘एसक्यूएल स्लॅमर’ असं नाव पडलं. पसरायला त्याला दहा मिनिटं पुरली.

सटाण्यात पतसंस्थांचे आणि आडत दुकानांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. ‘अपडेट कशाला?’ असं कुणी विचारलं की मी त्यांना ही हकीकत सांगतो, आणि वेळा आपल्या घड्याळाच्या सांगतो. पण सुरुवात त्या शनिवारपासून करून भागत नाही. ती बरीच मागून करावी लागते.

१८५ दिवस आधी. बुधवार, २४ जुलै २००२

मायक्रोसॉफ्टने एक सूचनापत्र काढलं, क्रमांक एमएस०२-०३९. ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या डेटाबेसमध्ये एक भोक सापडलं होतं. ते शोधलं होतं डेव्हिड लिचफिल्ड या ब्रिटिश संशोधकाने, आणि त्यांनी ते आधी कंपनीलाच कळवलं होतं.

हे भोक समजून घेण्यासारखं आहे. एकाच यंत्रावर या डेटाबेसच्या अनेक प्रती चालू शकतात. कोणती प्रत कोणत्या दारावर बसली आहे, हे बाहेरच्याला विचारता यावं म्हणून १४३४ क्रमांकाचं एक वेगळं दार ठेवलेलं होतं. तहसील कचेरीत शिरताना दाराशी बसलेल्या माणसाला ‘सातबाऱ्याचं टेबल कुठे?’ असं विचारतो, तसंच हे. विचारणाऱ्याने नाव सांगायचं आणि दाराशी बसलेल्याने ते वहीत टिपायचं. वहीतला नावाचा रकाना ठरावीक रुंदीचा; पण सांगितलेलं नाव त्यात मावतं का, हे तपासायचं राहून गेलं होतं. कुणी हातभर लांब नाव सांगितलं की लिखाण शेजारच्या रकान्यात घुसायचं, आणि शेजारच्या रकान्यात ‘यानंतर काय करायचं’ हा हुकूम असायचा. म्हणजे बाहेरच्या कुणीही नावाच्या शेपटीला आपला हुकूम जोडावा आणि सर्व्हरने तो निमूट पाळावा. पासवर्ड लागत नव्हता, की आत कुणी ओळखीचं लागत नव्हतं.

भोक जाहीर झालं त्याच दिवशी त्याची दुरुस्तीही मोफत मिळू लागली. पुढचं सगळं वाचताना ही तारीख डोळ्यासमोर ठेवायला हवी.

जुलै संपता संपता अमेरिकेतल्या लास वेगास इथे ‘ब्लॅक हॅट’ नावाची सुरक्षातज्ज्ञांची परिषद भरली. लिचफिल्ड यांनी तिथे हे भोक कसं वापरता येतं ते प्रात्यक्षिक करून दाखवलं. दुरुस्ती आलेली होतीच. लोकांना धोका पटावा, हा हेतू. पुढे किडा सुटला तेव्हा त्याच्या पोटात आपल्याच नमुन्याची छाप आहे, हे त्यांनी स्वतः ओळखलं आणि उघडपणे सांगितलं.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर

या पाच महिन्यांत काहीच घडलं नाही, आणि माझ्या मते सगळ्या घटनाक्रमात याच महिन्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं.

दुरुस्ती लावणं तेव्हा किचकट होतं, हे खरं. डेटाबेस बंद करायचा, जुनी फाइल बाजूला ठेवायची, नवी फाइल हाताने त्याच्या जागी टाकायची आणि पुन्हा चालू करायचा. दहा सर्व्हर असलेल्या माणसाने दहा वेळा हे करायचं. वर मनात भीती, की चालू असलेलं बंद पडलं तर? बंद पडलं तर जाब आपल्याला विचारणार, आणि न लावल्याबद्दल आजवर कुणालाच कुणी विचारलेलं नाही. मला हा हिशोब चांगला ठाऊक आहे. आमच्याकडे पतसंस्थेत अपडेटचं नाव काढलं, की मॅनेजर नाना खुर्चीतूनच म्हणतात, “चाली ऱ्हायनं ना भाऊ? मंग कसाले हात लावतस?” नानांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. लोकांच्या ठेवींची जबाबदारी त्यांच्यावर आहे, आणि चालत्या गाड्याला खीळ घालायची नाही हे त्यांना अनुभवाने कळलेलं आहे.

दुसरं कारण अधिक खोलातलं आहे. एसक्यूएल सर्व्हरची एक छोटी, मोफत आवृत्ती होती, एमएसडीई नावाची. ती इतर सॉफ्टवेअरच्या पोटात घालून दिली जायची. माणूस विकत घ्यायचा हिशोबाचं किंवा नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्याबरोबर हा डेटाबेस यंत्रात येऊन बसायचा. तो आपल्याकडे आहे हेच ज्याला माहीत नाही, तो दुरुस्ती कशाची लावणार? आजही एखाद्या दुकानात गेलो की मी आधी यादी करतो: या यंत्रावर कोणता डेटाबेस आहे, कितवी आवृत्ती, कुणी बसवला. निम्म्या ठिकाणी मालकाला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

आमच्या बागलाणात डाळिंब लावणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. तेल्या रोगाचे डाग फळावर दिसले, म्हणजे फवारणीची वेळ टळून गेलेली असते. बाग हिरवीगार दिसत असते तेव्हाच फवारायचं असतं. औषध घरात आणून ठेवलेलं असलं आणि पंपात भरलंच नाही, तर त्याचा बागेला काय उपयोग?

८ दिवस आधी. शुक्रवार, १७ जानेवारी २००३

मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००० साठी ‘सर्व्हिस पॅक ३’ काढला. तोवरच्या साऱ्या दुरुस्त्या एका गठ्ठ्यात आल्या, १४३४ च्या दाराचीही. फाइल हाताने बदलायचं काम संपलं. ज्यांनी त्या आठवड्यात तो लावला, त्यांच्या डेटाबेसला पुढच्या शनिवारी लागण झाली नाही.

१ तास आधी. शनिवार, सकाळी १०.००

सटाण्यात बाजारपेठेतली दुकानं उघडत होती. दक्षिण कोरियात दुपारचा दीड वाजलेला. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारची रात्र, साडेअकरा, सिॲटलला साडेआठ. सर्व्हर सांभाळणारे बरेचसे लोक आठवडा संपवून घरी गेलेले.

१४३४ चं दार उघडं असलेली आणि दुरुस्ती न लावलेली किमान ७५ हजार यंत्रं त्या वेळी इंटरनेटवर होती. त्या क्षणी ती सगळी व्यवस्थित चालत होती.

११.००

एका यंत्रावर एक पुडकं येऊन पडतं. आकार ३७६ बाइट. देवनागरीत लिहायचं तर एवढ्या जागेत जेमतेम सव्वाशे अक्षरं बसतात. तेवढ्यात सगळा किडा मावलेला. तो डिस्कवर काही लिहीत नाही, नुसता यंत्राच्या स्मरणात बसतो आणि एकच काम करतो: मनाला येईल तो पत्ता काढायचा आणि स्वतःची प्रत तिकडे पाठवायची. मग पुन्हा नवा पत्ता.

यात फोन आणि पोस्टकार्ड यांच्यातला फरक आहे. इंटरनेटवरचे पुष्कळसे व्यवहार फोनसारखे चालतात: आधी ‘हॅलो’, समोरून ‘हॅलो’, मग बोलणं. समोरचा उचलेपर्यंत थांबावं लागतं. १४३४ च्या दारावरचा व्यवहार मात्र पोस्टकार्डाचा. टाकलं की झालं, उत्तराची वाट बघायची नाही. म्हणून किड्याला कुठे थांबावंच लागलं नाही. एकेक यंत्र सेकंदाला सरासरी ४ हजार पोस्टकार्डं टाकू लागलं.

११.०० नंतर साडेआठ सेकंद

लागण झालेल्या यंत्रांची संख्या दुप्पट. आणखी साडेआठ सेकंदांत पुन्हा दुप्पट. दीड वर्षापूर्वी, २००१ मध्ये, ‘कोड रेड’ नावाच्या किड्याने जगाला हादरवलं होतं. त्याला दुप्पट व्हायला सुमारे ३७ मिनिटं लागायची. कागदावर मांडून बघा. एका यंत्रापासून निघालं आणि दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत गेलं, तर मिनिटभरात १२८ होतात, आणि दोन मिनिटं होत आली की १६ हजार. बँकेच्या काउंटरवर एका माणसाचं पासबुक छापून होतं तेवढाच हा वेळ.

११.०३

जगभर मिळून सेकंदाला साडेपाच कोटी पोस्टकार्डं. आता किड्याची चाल मंदावली, पण ती कुणी अडवलं म्हणून नव्हे. इंटरनेटच्या वाटाच इतक्या भरल्या, की त्याला स्वतःलाच पुढे सरकायला जागा उरली नाही. ज्यांचे डेटाबेस धडधाकट होते, किंवा ज्यांच्याकडे डेटाबेसच नव्हता, त्यांचीही वाट या गर्दीने अडली. शेजाऱ्याने फवारलं नाही की रोग आपल्या बांधावर येतो, तोच प्रकार.

११.१०

लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी ९० टक्के यंत्रं बाधित. हा आकडा डेव्हिड मूर, व्हर्न पॅक्सन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासून काढला. दहा मिनिटांत कुणी काय करू शकलं असतं? बातमी कळायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. जे करायचं ते आधीच्या १८५ दिवसांत करायचं होतं.

दुपार आणि संध्याकाळ

दक्षिण कोरियात इंटरनेट जवळजवळ देशभर ठप्प झालं. शनिवारची दुपार, घराघरांत वेगवान जोडण्या असलेला देश, आणि तासन्‌तास काही उघडेना. तिथे आजही ही घटना ‘२५ जानेवारी’ या तारखेनेच ओळखली जाते. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकेच्या १३ हजार एटीएमपैकी बहुसंख्य यंत्रांतून पैसे निघेनात. लोकांचे पैसे सुरक्षित होते, फक्त त्यांच्यापर्यंत पोचणारी वाट बंद होती. काँटिनेंटल एअरलाइन्सची उड्डाणं खोळंबली. सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूमध्ये ९११ वर येणाऱ्या तातडीच्या फोनच्या नोंदी कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिलीवर घ्याव्या लागल्या. आणि ज्या मायक्रोसॉफ्टने जुलैत दुरुस्ती दिली होती, तिच्या स्वतःच्या जाळ्यातही काही सर्व्हर दुरुस्तीविना राहिले होते. त्यांनाही लागण झाली.

या शेवटच्या गोष्टीने मला धीर येतो आणि भीतीही वाटते. औषध बनवणाऱ्याच्याही घरात ते पंपात भरायचं राहून गेलं होतं. म्हणजे हा अडाणीपणा नव्हे. कामाच्या रगाड्यात कुणाचंही हे राहून जाऊ शकतं.

पहाटे २.३०. रविवार, २६ जानेवारी

आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची पहाट. शाळेची पोरं अजून झोपलेली. ओहायो राज्यात शनिवारचे दुपारचे चार वाजलेत. तिथल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात येतं, की केंद्राचं अंतर्गत जाळं मंद चाललंय.

केंद्राच्या वेशीवर भिंत होती आणि त्या भिंतीत १४३४ चं दार बंदही होतं. पण एका कंत्राटदाराच्या जाळ्यातून येणारी एक जोडणी त्या भिंतीला वळसा घालून थेट आत गेली होती. किडा तिथून आला. आत त्याला दुरुस्ती न लावलेला सर्व्हर भेटला.

पहाटे ३.२०

सुरक्षेचे आकडे दाखवणारा संगणकीय फलक बंद पडतो. गाभ्याचं तापमान, शीतकाची स्थिती अशा अतिमहत्त्वाच्या गोष्टी त्यावर दिसतात. तो पुन्हा सुरू व्हायला ४ तास ५० मिनिटं लागली.

पहाटे ३.४३

प्रक्रियेवर नजर ठेवणारा दुसरा संगणकही बसतो. त्याला ६ तास ९ मिनिटं.

अणुभट्टी तेव्हा बंद होती. दुसऱ्या एका बिघाडाच्या दुरुस्तीसाठी ती आदल्या वर्षीपासून थांबवलेली होती. शिवाय फलकाला पर्याय म्हणून जुनी, काट्यांची उपकरणं होती आणि त्यांना किड्याची बाधा होत नाही. म्हणून हा प्रसंग बातमीपुरताच राहिला. पण नंतरच्या चौकशीत जे पुढे आलं ते मला विसरता येत नाही: अशी दुरुस्ती उपलब्ध आहे हेच तिथल्या संगणक अभियंत्यांना माहीत नव्हतं.

जगभर इंटरनेट पुरवणाऱ्यांनी आपापल्या वेशीवर १४३४ चं दार बंद केलं आणि पूर ओसरला. यंत्र बंद करून चालू केलं की किडा जायचा, कारण तो स्मरणातच राहायचा. पण दुरुस्ती न लावता यंत्र पुन्हा जोडलं, की काही मिनिटांत तो परत हजर.

एका बाबतीत सगळ्यांचं नशीब बलवत्तर होतं. धावण्यापलीकडे या किड्याला काही येत नव्हतं. त्याने एकही नोंद पुसली नाही, एकही आकडा बदलला नाही. नोंदी पुसायचा हुकूम त्या सव्वाशे अक्षरांत सहज मावला असता.

दुसरं घड्याळ. २४ जानेवारी ते ३१ जुलै २०२४

हे घड्याळ आपल्या अंगणात वाजलं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी, मुख्यालय मुंबईत. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती संगणक व्यवस्था पुरवते. ३१ जुलै २०२४ ला देशातली देयक प्रणाली चालवणाऱ्या एनपीसीआयने जाहीर केलं, की सी-एजवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला असण्याची शक्यता आहे आणि म्हणून तिला देयक प्रणालीतून तात्पुरतं वेगळं काढलं आहे. सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआय आणि इतर व्यवहारांपासून तुटले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पुन्हा सुरू झाली.

क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेने मूळ शोधलं, ते एका जोडीदार कंपनीच्या ‘जेन्किन्स’ सर्व्हरपर्यंत गेलं. जेन्किन्स म्हणजे प्रोग्रॅम बांधून सर्व्हरवर चढवायचं अवजार. त्यात एक भोक होतं, ज्यातून बाहेरच्याला आतल्या फाइली वाचता यायच्या. हा डेटाबेस नव्हता, पण दुखणं तेच. त्या भोकाची दुरुस्ती २.४४२ आणि २.४२६.३ या आवृत्त्यांत आली होती, २४ जानेवारी २०२४ ला. एनपीसीआयच्या निवेदनापर्यंत १८९ दिवस होतात. एकवीस वर्षांपूर्वीच्या अंतरापेक्षा चारच दिवस जास्त.

त्या दिवशी ज्या गावांत सहकारी बँकेत खातं असलेल्या दुकानदाराचा क्यूआर कोड चालला नाही, तिथे लोक ‘लिंक गेली’ म्हणाले असतील. आपल्याकडे सगळ्यालाच लिंक गेली म्हणतात.

घड्याळ दिसत नाही तेव्हा

इथवर हल्लेखोरांचं झालं. पण किरकोळ अपडेट न लावल्याचं नुकसान कुणी हल्ला न करताही होतं, आणि ते मी सटाण्यात, माझ्याच हाताखालच्या यंत्रावर पाहिलं.

पोस्टग्रेस नावाचा एक मोफत आणि भक्कम डेटाबेस आहे. त्याच्या आवृत्तीचे दोन आकडे असतात, मध्ये बिंदू. बिंदूआधीचा आकडा वर्षातून एकदा वाढतो. तेव्हा घर बदलावं लागतं, सामान हलवावं लागतं. बिंदूनंतरचा आकडा वाढतो तेव्हा फक्त गळकं कौल बदलायचं असतं. सामान जागेवरच राहतं. नवं वैशिष्ट्य काही येत नाही, फक्त चुका आणि भोकं दुरुस्त होतात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांचा दुसरा गुरुवार त्यासाठी ठरलेला. प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. एखादी चूक फारच गंभीर असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता मध्येच दुरुस्ती काढतात.

१६ जून २०२२ ला अशीच मध्ये काढलेली १४.४ आली. डेटाबेसला पुस्तकामागच्या सूचीसारख्या अनुक्रमणिका असतात. त्यांच्यामुळे खाते क्रमांक टाकला की खातं क्षणात सापडतं. ही अनुक्रमणिका कामकाज चालू ठेवूनच नव्याने बांधायची सोय आहे. १४.० ते १४.३ या आवृत्त्यांत त्या सोयीत चूक होती: बांधणी चालू असताना जी नोंद बदलली जाई, ती अनुक्रमणिकेतून गळू शकायची. कुठे इशारा नाही की लाल अक्षर नाही.

त्या जूनमध्ये आमच्या एका पतसंस्थेत एका मावशींचं खातं सापडेना. काउंटरवरच्या मुलीने क्रमांक टाकला, उत्तर: असं खातं नाही. मावशींच्या हातात पासबुक होतं. सगळ्या खात्यांची यादी छापली, तर त्यात खातं होतं, शिल्लक होती, एकूण बेरीज पैशापर्यंत जुळत होती. क्रमांकाने शोधलं, की नाही. मावशी शांतपणे एवढंच म्हणाल्या, “दादा, माझे पैसे आहेत ना रे?” आहेत, हे मला ठाऊक होतं. ते कसं दाखवून द्यायचं, ते त्या घडीला मला सांगता आलं नाही.

सटाण्याचं नाव लांबवर पोचलं ते देवमामलेदार यशवंतराव महाराजांमुळे. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले १ लाख २७ हजार रुपये भुकेल्यांना वाटले, आणि वरिष्ठांनी तपासणी केली तेव्हा खजिना पुरा भरला, ही इथल्या घराघरातली श्रद्धा. मोजणी जुळणं याला आमच्या गावात फार अर्थ आहे. त्या दिवशी आमची मोजणी जुळत होती आणि तरीही एक बाई आपल्या पैशांसाठी काउंटरवर उभी होती.

मी मागच्या नोंदी काढल्या. एप्रिलमध्ये यंत्र मंद चालतं म्हणून, पुरवठादाराच्या माणसाने भर कामकाजात अनुक्रमणिका नव्याने बांधल्या होत्या. नेमक्या त्याच वेळात पिग्मी एजंटच्या मशिनमधला दिवसभराचा भरणा सर्व्हरवर चढत होता. मावशींचं खातं त्या भरण्यात होतं. आवृत्ती होती १४.१. मधल्या काळात फेब्रुवारी आणि मे महिन्यांच्या दुरुस्त्या आल्या होत्या, त्याही लावलेल्या नव्हत्या. त्यांनी ही चूक सुधारली नसती, हे कबूल करायला हवं. पण त्या वेळेवर लावण्याची सवय असती, तर १४.४ ची बातमी मावशी येण्याची वाट न बघता माझ्यापर्यंत पोचली असती. यात माझाही दोष आहे. देखभाल माझ्याकडे जानेवारीपासून होती.

अपडेटनेच घोटाळा होतो तेव्हा काय, असा प्रश्न नाना विचारतात, आणि तो रास्त आहे. १४ नोव्हेंबर २०२४ ला पोस्टग्रेस १७.१ आली, तिच्यात एका आतल्या रचनेचा आकार बदलला आणि टाइमस्केल-डीबीसारखी काही जोड-सॉफ्टवेअरं अडखळली. आठवड्यात, २१ नोव्हेंबरला, १७.२ काढून ते सुधारलं. म्हणून मी आल्या दिवशी लावत नाही. आधी घरच्या जुन्या यंत्रावर पतसंस्थेची प्रत चढवून बघतो, दोन दिवस चालवतो, सूचनापत्र शब्दन्‌शब्द वाचतो, आणि मग येणाऱ्या शनिवारी लावतो. भोक बाहेरून पोचण्यासारखं असेल तर शनिवारचीही वाट बघत नाही. दोन दिवस थांबणं हा विचार झाला. सहा महिने थांबणं हा निर्णय नसतोच, ते नुसतं घडतं.

शनिवार, १८ जून २०२२

संध्याकाळी ६.३०. दिवसाचं कामकाज मिटलं. रोखपालांनी रोकड जुळवली, डे-एंड झाला. नाना थांबले. मी जा म्हटलं तरी गेले नाहीत.

७.०५. पूर्ण बॅकअप. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क नानांच्या कपाटात.

७.४०. बॅकअप घरच्या यंत्रावर उघडून पाहिला. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

७.५५. वीज गेली. पावसाळी हवा, जून महिना. इन्व्हर्टरवर काम सुरू करायचं नाही असं ठरवून अंधारात बसलो. शिपाई दादांनी चहा आणला.

८.२५. वीज आली. दहा मिनिटं स्थिर राहू दिली.

८.३५. डेटाबेस बंद केला. नाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

८.३६. १४.४ चढवायला सुरुवात.

८.३९. डेटाबेस चालू. आवृत्ती विचारली, १४.४. चार मिनिटं. नानांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. “एवढंच?”

८.४५. नुसत्या अपडेटने गळलेली नोंद परत येत नाही, अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागतात. या वेळी कामकाज बंद ठेवून, एकही व्यवहार चालू नसताना सगळ्या बांधायला घेतल्या.

९.५०. बांधून झाल्या. मग तपासणीचं अवजार चालवलं, ते प्रत्येक नोंद अनुक्रमणिकेत आहे का ते बघतं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. या अवजाराच्या बाबतीत काही न उमटणं म्हणजे सगळं ठीक.

१०.१०. नानांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. त्यावर मावशींचा खाते क्रमांक त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला होता. मी टाकायला गेलो तर म्हणाले, “थांब, मी टाकस.” एकेक आकडा बोटाने दाबत त्यांनी तो टाकला.

खातं आलं. नाव, गाव, शिल्लक. नानांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि तिथूनच मावशींच्या मुलाला फोन लावला.